‘अमेरिकेत परवान्याशिवाय नर्स’ : मेसेजमागचं खरं

‘न्यूयॉर्कने नर्सच्या परवान्याची अट काढून टाकली, भारतातलं रजिस्ट्रेशन असलं तरी थेट ड्यूटी’ असा मेसेज नर्सिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

अमेरिकेत नर्सचा परवाना राज्य देतं. शेजारच्या न्यू जर्सीचा परवाना एरवी न्यूयॉर्कमध्ये चालत नाही. बरीच राज्यं एकमेकांचा परवाना मानणाऱ्या करारात आहेत, पण २०२०-२१ मध्ये न्यूयॉर्क त्या करारात नव्हतं. मार्च २०२० मध्ये कोविडचे रुग्ण वाढू लागल्यावर न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी आणीबाणीच्या आदेशाने इतर राज्यांतल्या नर्सना न्यूयॉर्कचा परवाना नसतानाही काम करायची मुभा दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये मनुष्यबळाचा तुटवडा पडल्यावर त्यांच्यानंतरच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनीही तसाच आदेश काढला.

म्हणजे अट गेली ती ‘न्यूयॉर्कच्याच’ परवान्याची. मूळ ठिकाणचा परवाना चालू आणि निर्वेध (म्हणजे कारवाई नसलेला) असणं बंधनकारक होतं. शिवाय असे आदेश मुदतीचे असतात. वाढवले नाहीत तर संपतात.

नुसत्या भारतीय रजिस्ट्रेशनवर थेट रुजू होण्याची सरसकट सोय त्यात नव्हती. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्यांना एनक्लेक्स (अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी द्यावी लागणारी) परीक्षा, राज्याचा परवाना आणि व्हिसा हे टप्पे आहेतच. मेसेज दाखवून कुणी ‘फाइल चार्ज’ मागत असेल, तर पैसे देऊ नका.