कोर्टाची पायरी दुसऱ्याला चढवा

अभिनंदन! डोंगर तुमच्या नावावर झाला. आता पोटातलं लोहखनिज काढायचं आणि बोटीत भरून चीनला धाडायचं. पायथ्याचं गाव कुरकुरणारच: खाण खोल गेली नि विहीर आटली, पावसात लाल गाळ भातशेतीत उतरला. गुंड पाठवू नका. जुनाट पद्धत ती. कायद्याने चाला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. बरोबरच आहे. शहाण्याने ती दुसऱ्याला चढवावी.

आधी आपल्या अब्रूची किंमत ठरवा. हात आखडू नका. गोव्यात खाणींविरुद्ध लिहिणाऱ्या एका कार्यकर्त्यावर कंपनीने ५०० कोटींचा दावा लावला होता, तोही कोलकात्याच्या उच्च न्यायालयात. खाण गोव्यात, धूळ गोव्यात. अब्रू तेवढी हुगळीकाठी! वास्कोहून हावड्याला अमरावती एक्सप्रेस जाते, दीड दिवस खाते. एवढं करून पोचावं, तर पुढची तारीख. (परतीचं तिकीट आधीच काढायचं असतं, हे दुसऱ्या खेपेला सुचतं.) दावा जिंकायची घाई तुम्हाला कुठे आहे? वकिलाची फी तुमच्या खर्चात जाते, कार्यकर्त्याची रोजी बुडते.

लिहिणारे थोडे, बाकीच्यांसाठी रस्ता अडवल्याचा गुन्हा पुरतो. ट्रक दिवसभर गावातून गेले तर ती वाहतूक, गाव अर्धा तास रस्त्यात उभं राहिलं तर तो अडथळा. तक्रारीत चार नावं घाला आणि पुढे ‘व इतर’ लिहा. ‘व इतर’मध्ये अख्खा वाडा मावतो.

तुमचंच लीज संपलंय? घाबरू नका. गोव्यातली लीजं २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, खाणी २०१२ पर्यंत धडधडत होत्या. ते सगळं बेकायदा होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २०१४ साली. तोवर बोटी चीनला जाऊन रिकाम्याही झाल्या होत्या.

एक अडचण मात्र आहे. २०१७ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी धुळीला कंटाळून ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, बायामाणसंसुद्धा. जामीन भरा आणि घरी जा, म्हटलं. तर भरणार नाही म्हणाले आणि तुरुंगात जाऊन बसले. अशा माणसांचं काय करायचं, ते मी वकिलाला विचारलंय. त्याने पुढची तारीख दिली आहे.