‘वजन आणि बीपी दोन्ही जीन्समध्येच लिहिलेलं असतं’ म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आणि मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: "जुळ्यांवरच्या अमेरिकन संशोधनात सिद्ध झालंय की वजन ८० टक्के जीन्समुळे असतं. बीपीचे जीन्सही तेच. म्हणून जाड माणसाला बीपी होणारच, बारीक माणसाला भीती नाही. डाएट, चालणं, मीठ कमी करा, हे सगळे धंदे आहेत." खाली हात जोडलेले. आमच्या काकांनी अंगठा दिला आणि लिहिलं, "चला, म्हणजे माझी काही चूक नाही." गमतीत म्हणाले असतील, पण त्यांचं सकाळचं फिरणं दोन महिने बंद आहे हे काकूने मला सांगितलंय, म्हणून एवढं टायपायला बसले. मी डॉक्टर नाही, कॉलेजात स्टॅट शिकवते, आणि या फॉरवर्डमधली मुख्य गडबड स्टॅटचीच आहे.

"वजन ८० टक्के जीन्समुळे असतं."

आकडा हवेतला नाहीये, हे आधी कबूल करते. १९८६ साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि मंडळींनी अमेरिकी सैन्यात गेलेल्या जुळ्या पुरुषांच्या चार हजारांवर जोड्या घेतल्या, १९७४ आयडेंटिकल (शाळेच्या पुस्तकातली एकयुग्मजी) आणि २०९७ साधी जुळी. आयडेंटिकल जोडीतल्या दोघांचे जीन्स जवळपास तेच, साध्या जुळ्यांचे सख्ख्या भावंडांइतके म्हणजे सरासरी निम्मे सारखे, त्यामुळे पहिल्या गटातलं वजनातलं साम्य दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे ते बघून आनुवंशिकतेचा अंदाज काढता येतो. बीएमआयसाठी (उंचीच्या हिशोबाने वजन किती, तो आकडा) तो विशीत ०.७७ म्हणजे ७७ टक्के, आणि पंचवीस वर्षांनंतर ०.८४ आला. त्याच मंडळींनी १९९० मध्ये स्वीडनमधली वेगवेगळ्या घरांत वाढलेली आयडेंटिकल जुळी बघितली, ९३ जोड्या, तरी बीएमआयमधलं कोरिलेशन (दोन आकडे किती जुळून चालतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणं) पुरुषांत ०.७० आणि बायकांत ०.६६. म्हणजे "आईने लहानपणी तूप जास्त वाढलं म्हणून हा असा" हे आपल्याकडचं लाडकं निदान फारसं टिकत नाही. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे.

पण हे ८० टक्के कशाचे? तुमचं वजन ८० किलो असेल तर त्यातले ६४ किलो जीन्सचे आणि १६ किलो वडापावचे, असा त्याचा अर्थ नाही हो! तो आकडा एका ठरावीक काळातल्या, ठरावीक गटातल्या लोकांच्या वजनात *आपापसात* जो फरक दिसतो त्याबद्दल आहे, की त्या फरकातला किती भाग जीन्समधल्या फरकाशी जुळतो. एकट्या माणसाबद्दल तो काही बोलत नाही, आणि सगळ्यांचंच वजन एकदम वर सरकलं तर ते त्याला दिसतही नाही. सोलापूरकडे एकाच वावरात दहा जातींची ज्वारी पेरली तर ताटांच्या उंचीतला फरक बराचसा बियाण्याचा निघेल, पण त्या वर्षी पाऊसच नसेल तर अख्खं वावर खुजं राहील आणि बियाण्याचा टक्का तेवढाच राहू शकेल.

उंचीचं बघा ना. त्याच १९८६ च्या अभ्यासात उंचीची आनुवंशिकताही ०.८० आहे. आणि दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत कोरियन जीन्स बदलले का? जेवण बदललं, आजारपणं कमी झाली. आता आपलं घ्या, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ ला देशातल्या १२.६ टक्के बायका बीएमआय २५ किंवा वर, म्हणजे जास्त वजनाच्या होत्या, २०१९-२१ ला २४ टक्के. पंधरा वर्षांत जवळजवळ दुप्पट, एक पिढीसुद्धा धड बदलली नाही तेवढ्यात.

"बीपीचे जीन्सही तेच."

हा मुद्दा खरा इंटरेस्टिंग आहे, आणि फॉरवर्डवाल्याने त्याचीच सगळ्यात जास्त वाट लावलीये. जुळ्यांच्या अभ्यासात एक मस्त युक्ती असते: एकाचं वजन घ्यायचं आणि *दुसऱ्याचा* बीपी. माझ्या वजनावरून माझ्या जुळ्या बहिणीच्या बीपीचा अंदाज येतो का, आणि आयडेंटिकल जोड्यांत तो साध्या जुळ्यांपेक्षा जास्त चांगला येतो का? येत असेल तर दोन्हीमागे काही जीन्स सामायिक आहेत असं म्हणता येतं. आणि हो, येतो. पण "काही सामायिक" आणि "तेच" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळे जीन्स तेच असते तर दोन्हींमधलं आनुवंशिक कोरिलेशन १ आलं असतं, ते १ च्या बरंच खाली येतं. शिवाय बीपीची स्वतःची आनुवंशिकता जुळ्यांत साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या मधे निघते, वजनापेक्षा कमीच. २०१८ मध्ये दहा लाखांवर लोकांचे जीन्स तपासून बीपीशी संबंधित ९०० च्या वर जागा सापडल्या. त्याच वर्षी बीएमआयसाठी सात लाख लोकांत तेवढेच, नऊशेवर सिग्नल मिळाले, आणि ते सगळे मिळून लोकांमधल्या फरकाचा जेमतेम ६ टक्के भाग समजावत होते. एक जाडीचा जीन आणि तोच बीपीचा, असलं काही प्रकरण नाही.

बरं, सामायिक म्हणजे तरी नेमकं काय? जीन वजन वाढवतो आणि वाढलेलं वजन बीपी वाढवतं, असंही असेल ना. २००९ मध्ये कोपनहेगनमधल्या ३७ हजारांवर लोकांवर हेच तपासलं: ज्यांच्याकडे एफटीओ आणि एमसी४आर या दोन जीन्सजवळचे वजन वाढवणारे प्रकार जन्मतः होते त्यांचा बीपी जास्त होता, आणि तो वजनाच्या वाटेनेच वाढत होता असं दिसलं. म्हणजे सामायिक जीन्सचा निदान एक मोठा हिस्सा *वजनातून* काम करतो. मग वजन उतरवलं की नेमकी तीच वाट अरुंद होते! फॉरवर्डवाला ज्या पुराव्यावरून "काही उपयोग नाही" म्हणतोय तो पुरावा उलटीकडे बोट दाखवतोय.

आणि आता माझा सगळ्यात आवडता अपवाद. एमसी४आर हा जीन मेंदूत भूक आवरायचं काम करतो, तो बिघडला की माणूस लहानपणापासून जाड होतो. फॉरवर्डच्या हिशोबाने या लोकांचा बीपी गगनाला भिडायला हवा. २००९ मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी असे लोक बघितले तर त्यांच्यात हाय बीपी २४ टक्क्यांना, आणि ज्यांचा हा जीन ठीक आहे अशा जाड लोकांत ५३ टक्क्यांना. कारण जाडीमुळे मज्जातंतूंमधून बीपी वर ढकलणारा जो निरोप जातो, तो ज्या रस्त्याने जातो तोच इथे तुटलेला. जाडी जास्त, हाय बीपी मात्र निम्म्याहून कमी जणांना, आणि दोन्ही एकाच जीनमुळे!

"जाड माणसाला होणारच, बारीक माणसाला भीती नाही."

यावर फार वेळ घालवत नाही. माझ्या आत्याच्या मुली आयडेंटिकल जुळ्या आहेत, एकीचं वजन दुसरीपेक्षा बारा-तेरा किलोंनी जास्त आणि बीपीची गोळी आधी सुरू झाली ती बारीक असलेलीला. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, वर्गात मुलांना रोज बजावते, पण "होणारच" आणि "भीती नाही" असले शब्द मोडायला एक जोडीही पुरते. दुसरं म्हणजे बारीक कोणाला म्हणायचं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सेम. अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक आणि पोटात चरबी, ही आपली खास देशी अंगकाठी आहे, त्यामुळे "मी कुठे जाड आहे" म्हणून बीपी न मोजणाऱ्यांनी जरा दमानं.

"डाएट, चालणं, मीठ, सगळे धंदे."

डाएटच्या नावाखाली धंदे चालतात हे खरंच आहे, पावडरींचे डबे आमच्या बिल्डिंगमध्येच कोणीतरी विकतं. पण प्रयोग काय म्हणतात? क्यूबेकमध्ये क्लोद बूशार यांनी आयडेंटिकल जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या, एकूण ८४ दिवस. कोणाचं वजन ४.३ किलो वाढलं, कोणाचं १३.३, आणि जोडीतल्या दोघांचं बरंचसं सारखं. म्हणजे "मी नुसतं बघितलं तरी वाढतं" म्हणणाऱ्या वहिनी अगदीच खोटं बोलत नसतात. पण वाढलं प्रत्येकाचं, कारण खाणं वाढवलं होतं. नंतर त्यांनी सात जोड्यांना खाणं तेच ठेवून भरपूर व्यायाम करायला लावला, तेव्हा सरासरी ५ किलो उतरलं, कोणाचं एकच तर कोणाचं आठ. जीन्स ठरवतात ते किती उतरेल हे, उतरणारच नाही असं नाही. एफटीओचं पण तसंच, दोन लाखांवर लोकांच्या २०११ च्या विश्लेषणात हालचाल करणाऱ्यांत त्याचा जाडीवरचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी दिसला.

बीपीचं तर त्याहून सोपं. पंचवीस चाचण्या एकत्र केल्या तेव्हा किलोमागे वरचा बीपी साधारण एक पॉइंट उतरलेला दिसला. आणि १९९७ च्या डॅश नावाच्या आहाराच्या प्रयोगात तर वजन मुद्दाम जिथल्या तिथे ठेवलं, मीठही तेवढंच, फक्त भाज्या, फळं, कमी फॅटचं दूध-दही वाढवलं आणि तेलकट कमी केलं. आठ आठवड्यांत हाय बीपीवाल्यांचा वरचा आकडा ११.४ ने आणि खालचा ५.५ ने खाली आला. वजन न हलता! आणि मीठ कमी केल्याने आणखी उतरतो हे त्याच मंडळींनी पुढच्या प्रयोगात दाखवलं, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, आपल्याकडे पापड-लोणच्याच्या एका पंगतीतच त्याचा बराच हिशोब होतो.

काका, हे तुम्ही इथपर्यंत वाचणार नाही हे मला माहितीये, काकू वाचून दाखवेल. फिरण्याचं तुमचं तुम्ही बघा, पण त्या फॉरवर्डच्या नादात गोळी तर बंद केली नाहीत ना? ग्रुपवर नको, मला वेगळा फोन करून सांगा.