"आता सोडून काय उपयोग?" असं पेशंटला म्हणू नका

काकांच्या कॅन्सरच्या फाइलमध्ये, सीटी स्कॅनच्या पाकिटात सिगारेटी सापडल्या तेव्हा रेडिएशनचा दुसरा आठवडा चालू होता. घरात सगळ्यात जास्त मीच बोललो, "जीवावर बेतलंय तरी सुटत नाही का तुमची". ते काहीच बोलले नाहीत, फाइलची नाडी बांधत बसले, सुटली की परत बांधायचे. त्यानंतर ते फक्त जास्त लपवायला लागले आणि डॉक्टरांनी विचारलं की "बंद आहे" म्हणायचे.

कॅन्सर कळला की माणूस आपोआप सोडेल असं आपण धरूनच चालतो. अहो, निकोटिन ओढल्यावर काही सेकंदात मेंदूत पोचतं, वर्षानुवर्षांची ती सवय रिपोर्ट बघून कशी जाईल, उलट टेन्शनमध्ये तलफ वाढतेच. आणि दुसरे नातेवाईक असतात, कळवळ्यानेच म्हणतात की आता राहिलंय काय, ओढू दे. हे मला जास्त घातक वाटतं.

कारण उपयोग असतो, आणि ट्रीटमेंट चालू असतानाच असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो आणि रेडिएशनला नीट काम करायला गाठीत ऑक्सिजन लागतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरची एर्लोटिनिबसारखी गोळी सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात लवकर संपते, म्हणजे औषध घेऊनही कमीच मिळतं. जे बरे झालेत पण ओढतच राहतात त्यांना दुसरा नवीन कॅन्सर व्हायचा धोका वाढतो, अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरांच्या, २०१४ च्या रिपोर्टमध्ये हे स्पष्ट आहे.

आणि नुसत्या मनाच्या जोरावर सोडा म्हणणं बंद करा प्लीज. कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आहे, चघळायचा गम आहे, तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनची गोळी आहे, डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये यांची शिफारस केलीय. फक्त ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारूनच घ्या, तोंड आलं असेल तर गम झोंबतो, तिथे पॅच बरा, मेंदूत गाठ असेल तर सिगारेट सोडायला देतात ती बुप्रोपिऑनची गोळी चालत नाही.

काकांना एका नर्सने शांतपणे विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?" ते म्हणाले, पाच मिनिटात. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले, कारण त्या प्रश्नात राग नव्हता. त्या दिवशी दंडावर पॅच लावून घरी आले. मधे दोनदा परत सुरू झाली, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतः येऊन मला सांगितलं.