उपवासकाळात ‘सैतानाचं पुस्तक’

राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिश्चनांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात, होऊन आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरीला चक्क खिडकी मिळाली म्हणून मी पुस्तक उघडून बसलो. बोरिवलीला आमच्याच धर्मग्रामातले, म्हणजे आमच्याच चर्चचे, एक काका समोर येऊन बसले. त्यांनी मुखपृष्ठ वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुखपृष्ठ वाचलं. म्हणाले, “उपवासकाळात सैतानाचं पुस्तक? घरात तरी नेऊ नको, बाबा.”

वसई येईपर्यंत मला धड उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी रिक्षात बसल्यावर सुचतात. काका, हे तुमच्यासाठी. (शेवट फुटणार आहे. ज्यांना नको त्यांनी इथेच थांबा.)

पुस्तक होतं विल्यम पीटर ब्लॅटीचं ‘द एक्झॉर्सिस्ट’, 1971 सालचं. सिनेमा दोन वर्षांनी आला आणि त्याने पुस्तक गिळूनच टाकलं. नाव काढलं की लोक त्यातल्या पछाडलेल्या मुलीसारखी मान गोल फिरवून दाखवतात. मीही शाळेत असताना मावसभावाकडे व्हीसीआरवर तेवढंच पाहिलं होतं आणि नंतर महिनाभर दिवा लावून झोपलो होतो. कादंबरी मात्र चाळिशी उलटल्यावर फोर्टच्या फुटपाथवर हाती लागली. ती वाचून मी घाबरलो नाही असं नाही. पण घाबरलो ते भलत्याच जागी.

ब्लॅटी लेबनीज आईबापांचा, न्यूयॉर्कमध्ये गरिबीत वाढलेला कॅथलिक. जेझुइटांच्या (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना 1949 मध्ये त्याने पेपरात बातमी वाचली: मेरीलँडमधल्या 14 वर्षांच्या मुलावर धर्मगुरूंनी भूतबाधा काढण्याचा विधी केला. ती डोक्यात वीसेक वर्षं राहिली. मधल्या काळात हा गडी विनोदी सिनेमे लिहून पोट भरत होता! कादंबरीत त्याने मुलाची मुलगी केली. रेगन, 11-12 वर्षांची. आई क्रिस सिनेनटी, देवबिव न मानणारी. घर जॉर्जटाउनमध्येच.

आता काकांचा मुद्दा. या पुस्तकात सैतानाला यायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ चर्चला ‘हो’ म्हणायला लागतो. आधी डॉक्टर. मग गोळ्या, एक्स-रे, मेंदूच्या तपासण्या, मानसोपचारतज्ज्ञ. सगळे थकतात तेव्हा विधीचं नाव काढतात तेही डॉक्टरच, आणि तेही एक मानसिक उपाय म्हणून. नास्तिक आई धर्मगुरूच्या दारात जाते आणि तिला भेटतो फादर डेमियन कॅरस. जेझुइट आहे, वर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्याची स्वतःचीच श्रद्धा हरवत चाललेली. तो तिला परत डॉक्टरकडेच पाठवायला बघतो.

एक प्रसंग मला फार आवडतो. कॅरस त्या पोरीवर पाणी शिंपडतो आणि सांगतो की हे आशीर्वादित पाणी आहे. ती अंगावर तेजाब पडल्यासारखी तळमळते, किंचाळते. आपल्याकडच्या कुठल्याही भयकथेत इथे मांत्रिकाने मिशीवर ताव दिला असता. कॅरसचा चेहरा पडतो. कारण ते साधं नळाचं पाणी असतं. म्हणजे पुरावा विरुद्ध गेला. पुढे तिच्या तोंडची अगम्य भाषा टेप करून तो भाषातज्ज्ञाकडे नेतो, तर ती निघते उलटी बोललेली इंग्रजी. माणूस श्रद्धेसाठी नाही, शंकेसाठी राबतोय. एका धर्मगुरूला बिशपांची परवानगी मिळण्याइतकाही पुरावा सापडत नाही, यावर अर्धी कादंबरी उभी आहे.

हे नुसतं कथेचं तंत्र नाही. चर्चच्या कायद्यानेही बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा विधी कुणाला करता येत नाही. ते का, हे कळायला जर्मनीतल्या आनेलीझ मिशेलचं प्रकरण पुरेसं आहे. 23 वर्षांची, फिट्स येणारी मुलगी. बिशपांची परवानगी घेऊन 67 वेळा विधी झाला. औषधपाणी सुटलं, अन्न सुटलं. 1976 च्या जुलैमध्ये ती उपासमारीने गेली, आणि 1978 मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. परवानगी असून हे झालं. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा व्हायला डॉ. दाभोलकरांना जीव गमवावा लागला. तेव्हा सैतानावरचं पुस्तक म्हणजे अंधश्रद्धेचं पुस्तक हे समीकरण मला मान्य आहे, पण हे पुस्तक त्यात बसत नाही. यातला धर्मगुरू बराच वेळ अंनिसच्या कार्यकर्त्यासारखाच वागतो.

तर मी घाबरलो कुठे? कॅरसच्या आईपाशी.

म्हातारी न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चाळवजा इमारतीत एकटी राहते. लेक धर्मगुरू, गरिबीचं व्रत घेतलेला, त्यामुळे तिच्या औषधपाण्याला त्याच्याकडे पैसा नाही. ती एकटीच मरते. आणि पुढे त्या खोलीत, त्या पोरीच्या तोंडून, आईचा आवाज येतो. तिच्या मोडक्या इंग्रजीसकट, तिने ठेवलेल्या लाडक्या नावासकट. सैतानाला बाकी काही करावंच लागत नाही. ज्याच्या मनात आधीच भोक आहे त्याच्या त्या भोकात फक्त बोट घालायचं.

माझी आई वसईत होती आणि मी अंधेरीला. पाऊण तासाचं अंतर. “येत्या रविवारी येतो” हे वाक्य मी किती रविवार म्हटलं ते मला माहीत आहे. ती गेली तो मंगळवार होता. ही पानं वाचताना मी पुस्तक मिटून दारापाशी जाऊन उभा राहिलो. नायगावच्या खाडीचा वारा तोंडावर घेतला. एवढंच.

आता दुसरा धर्मगुरू, म्हातारा मेरिन. विधीच्या मध्ये थोडी उसंत मिळते तेव्हा कॅरस त्याला विचारतो की या सगळ्याचा हेतू काय. मेरिनचं म्हणणं असं की सैतानाचं लक्ष्य ती पोर नाहीच. लक्ष्य आहोत आपण, बघणारे. आपण इतके ओंगळ, इतके जनावर आहोत की देवाने आपल्यावर प्रेम करणं शक्यच नाही, असं आपल्याला वाटावं. आणि पुढे तो म्हणतो की त्याला सैतान युद्धांत वगैरे फारसा दिसत नाही. दिसतो तो बारक्या गोष्टींत: विनाकारण अढी, गैरसमज, नवरा-बायकोत, मित्रामित्रांत तोंडून निसटलेला एक विषारी शब्द.

सिनेमातून हे संभाषणच उडवलं होतं. 2000 साली काढलेल्या वाढीव आवृत्तीत त्यातला थोडा भाग परत आला. म्हणजे 27 वर्षं लोकांनी मान फिरलेली पाहिली आणि ती कशासाठी फिरते हे सांगणारी दोन वाक्यं ऐकली नाहीत.

बारक्या गोष्टी म्हणे. आमच्या वाडीतल्या विहिरीच्या पंपावरून मी आणि थोरला भाऊ चार वर्षं बोलत नव्हतो. बिल होतं साडेतीनशे रुपये.

पुस्तकात खोट नाही असं मुळीच नाही. त्यातला पोलीस अधिकारी लेफ्टनंट किंडरमन एकदा बोलायला लागला की पाच-पाच पानं थांबत नाही. उत्तर इराकमधली सुरुवात इतकी अलंकारिक की मी दोनदा पुस्तक ठेवून दिलं. आणि मोठी तक्रार: रेगन. सगळं तिच्या शरीरावर घडतं आणि तिला स्वतःला काही आठवतही नाही. पुरुषांच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायला एका एवढ्याशा मुलीचं शरीर इतकं विटंबायलाच हवं होतं का? काही पानं मी उलटून पुढे गेलो, पुन्हा वाचणार नाही. माझ्या मुलीने ती वाचावीत असंही मला वाटत नाही, अजून तरी.

पण पहिल्या पानाआधीची पानं नक्की बघा. तिथे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला उतारा आहे, गरसेकरांच्या प्रदेशातल्या भूतग्रस्ताचा, ‘सैन्य’ नाव सांगणाऱ्याचा. त्याच्याखाली माफियाच्या लोकांचं हसत-खिदळत छळाविषयी बोलणं. आणि मग नाझी छळछावण्यांची तीन नावं: डाखाऊ, ऑशविट्झ, बुखेनवाल्ड. पुस्तक कशाबद्दल आहे हे लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. लोक ती पानं उलटतात आणि उलटीच्या प्रसंगाकडे धावतात.

शेवटी मेरिनचं हृदय बंद पडतं. कॅरस त्या अपदूताला आव्हान देतो, पोरीला सोड, मला धर. पुस्तकात हे आपल्याला खालच्या मजल्यावरून नुसतं ऐकू येतं. मग खिडकी फुटते आणि तो बाहेरच्या उंच दगडी पायऱ्यांवरून खाली. सिनेमा पाहून बरेच लोक म्हणाले की सैतान जिंकला, आणि याचं ब्लॅटीला कायम वाईट वाटलं. कादंबरीत तशी शंका राहत नाही. रस्त्यावर पडलेल्या कॅरसला बोलता येत नाही. त्याचा मित्र फादर डायर गुडघ्यांवर बसून हात हातात घेतो, विचारतो, कन्फेशन करायचंय का? बोटं किंचित दाबली जातात. डायर रडत पापक्षमेचे शब्द म्हणतो. डोळ्यांत जे उरतं ते समाधान, आणि आनंदासारखं काहीतरी.

ज्याची श्रद्धा गेली होती त्याची बोटं दाबली गेली, काका. उपवासकाळात याहून वेगळं काय वाचायचं?

ईस्टरच्या आदल्या रात्री आपण सगळे मेणबत्त्या घेऊन उभे होतो. फादरांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, सैतानाचा धिक्कार करता का? वर्षानुवर्षं मी ‘होय’ म्हणत आलोय आणि मेण बोटावर पडू नये याचीच काळजी करत आलोय. यंदा थोरला माझ्या पुढच्याच बाकावर होता. त्याचा ‘होय’ मला स्वच्छ ऐकू आला. माझा जरा उशिरा निघाला.

पुस्तक सध्या त्याच्याकडेच आहे. शंभर पानं झाली म्हणतो, आणि तो लेफ्टनंट फार बोलतो म्हणतो.