लिफ्ट किटला नाही म्हटलं म्हणून आलेल्या एक स्टारला मालकाकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला, दुकानातल्या पोरांनी मोठ्यानं वाचून पण दाखवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर घेऊन बेळगावात उद्यमबागला आमच्या दुकानी आलासा, 2 इंच लिफ्ट (म्हणजे बॉडी चाकांपासून वर उचलायचं किट), 33 इंच उंचीचे टायर, पुढं स्टीलचा बंपर आणि टपावर लाइट बार मागितला आणि आम्ही अर्धा तास प्रश्न विचारून शेवटी नुसते ए.टी. टायर (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे), पोटाखाली दगड लागू नये म्हणून लावायची प्लेट आणि ओढायचा पट्टा देऊन पाठवलं. मालक घाबरट आहे, कोल्हापुरात हेच काम एका दिवसात होतंय, वर टायरचा आवाज येतोय आणि ॲव्हरेज पडलं. एवढंच ना? आता माझं पण ऐका, कारण हीच यादी मोबाईलमध्ये घेऊन उद्या दुसरं कोणतरी येणारच आहे.

अर्धा तास प्रश्न विचारले हे खरं आहे आणि पुढच्याला पण विचारणार. गाडी सोमवारी सकाळी कुठं असते हा माझा पहिला प्रश्न असतोय. तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय की रोज पोरांना शाळेत सोडून ऑफिस, रविवारी आईला घेऊन गावाकडं, आणि कधीतरी मित्रांबरोबर जांबोटी-कणकुंबी साइडला. मग चिखल वर्षातनं किती आणि टिळकवाडीतले स्पीडब्रेकर किती, बघा की तुम्हीच. आईंचे गुडघे दुखतात हे पण तुम्हीच लिहिलंय, आणि गाडी आणखी उंच करायची म्हणतासा!

लिफ्टचं जरा नीट सांगतो कारण तिथंच सगळ्यांचा घोळ होतोय. तुमच्या गाडीला पुढं डबल विशबोन आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात, जुन्या जीपसारखा आरपार ॲक्सल नाही. स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकून बॉडी वर उचलली की तिच्याबरोबर पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) पण वर जातोय, चाक मात्र जमिनीवरच, मग मधला शाफ्ट कायमचा तिरका चालतोय, त्याचा रबरी बूट ताणून ताणून फाटतो, ग्रीस बाहेर आणि खानापूरची लाल माती आत, आणि मग वळताना कट कट आवाज सुरू. चाकाला वरनं धरणारा बॉल जॉइंट पण त्याच्या शेवटाला जाऊन बसतो, चाक खाली लटकायला जागाच उरत नाही, म्हणजे ज्या खड्ड्यासाठी लिफ्ट केली त्याच खड्ड्यात चाक हवेत. आणि मागं? मागं तुमचा ॲक्सल अखंडच आहे, बॉडी 2 इंच काय 4 इंच उचला, मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आहे तेवढाच राहणार, तो फक्त टायर मोठा केला तरच वर येतो. हे रीलवाला सांगत नाही. सात माणसं भरून चोर्ला घाट उतरताना गाडी वळणावर किती झुकते ते तर वेगळंच, ब्रेक आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) कंपनीच्या उंचीवर सेट केलेले असतात.

मग मोठा टायर टाका की म्हणालासा. तुमचा कंपनीचा 255/60 आर 18, त्याची उंची येते साधारण 763 मिलीमीटर. 33 इंच म्हणजे 838. फरक 75 चा, पण गाडीखाली मिळतो त्याच्या निम्मा, सदतीस-अडतीस मिलीमीटर. त्याच्या बदल्यात मीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 110 च्या आसपास पळत असेल, पिकअप जड, ब्रेकवर ताण, आणि पूर्ण स्टेअरिंग कापलं की टायर आत घासणार, मग तिथलं प्लास्टिक कापा, मग आणि काहीतरी कापा. एकाला एक लागून बिल वाढत जातं दादा, आमच्यासारख्याला ते बरंच की, पण नको वाटतं. म्हणून माप कंपनीचंच ठेवून ए.टी. दिले. ओल्या लाल मातीत आणि दगडात फरक पडतो तो टायरच्या गोट्यांचा, म्हणजे नक्षीच्या ठोकळ्यांचा, आणि हवेचा, उंचीचा नंतर.

स्टील बंपरला माझं सरळ नाही आहे, फॅमिली गाडीला तर नाहीच. पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतोय, धक्का तिथं जिरतो आणि त्या हिशोबानं एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. मध्ये लोखंड घातलं की तो हिशोब चुकू शकतो, आणि समोर पायी चालणारा असला तर त्याचं काय ते बोलायलाच नको. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुल बारवर, म्हणजे पुढं लावायच्या असल्याच लोखंडी गार्डवर, कारवाई करा म्हणून राज्यांना पत्र काढलंय. गाडीत मनाला येईल तसा बदल करू नये म्हणणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आपलं कसं आहे बघा, केए 22 ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी, शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला उतरला की गोवा, एका रविवारात तीन राज्यांचे पोलीस भेटतात. इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी काय म्हणेल ते आणि वेगळं.

लाइट बारचं थोडक्यात, कणकुंबीच्या धुक्यात टपावरची पांढरी लाइट लावली की समोर पांढरी भिंत दिसते, रस्ता दिसत नाही. खाली लावायचे पिवळे फॉग घ्या, कमी पैशात होतंय.

कोल्हापूरच्या दुकानाबद्दल मला काही बोलायचं नाही.

आता आवाज आणि ॲव्हरेज. ए.टी. चे गोटे मोठे, टायर वजनाला जड, त्यामुळं दोन्ही थोडं होणारच, हे कोटेशनवर मराठीत लिहून दिलंय, तुमची सही आहे. पण "भयंकर आवाज" म्हणतासा ते जरा जास्त वाटतंय म्हणून एक विचारतो. चिखलात हवा 22 पर्यंत उतरवायला आमच्या पोरानं दाखवलं होतं, डांबरीला लागायच्या आधी परत भरायची म्हणून पण सांगितलं होतं. भरलासा का? दाराच्या खांबावर स्टिकर आहे त्याप्रमाणं बघा, सकाळी टायर थंड असताना. त्या उतरवलेल्या हवेवरच हायवेला गाडी ताणली असेल तर टायर गरम होऊन आतनं खराब होतो, तसं असलं तर ताबडतोब दाखवायला या.

आणि पट्टा "उगाच गळ्यात मारला" म्हणालासा, त्याच्याशिवाय मी कुणालाच पाठवत नाही. फसलेल्या गाडीला लिफ्ट बाहेर काढत नाही, दुसरी गाडी आणि पट्टा काढतो. फक्त पुढं जो स्क्रूचा हूक येतो त्याला झटका देऊ नका, तो सपाट रस्त्यावर हळू ओढायला आहे. झटक्यासाठी चासीला पक्का पॉइंट लागतो, पुढचा खर्च करायचाच असेल तर तो त्याच्यावर करा, मग छोटा कॉम्प्रेसर घ्या. भीमगडच्या बाजूला ओढ्यात गाडी घालायचा विचार असेल तर ते अभयारण्य आहे, तिथं टायर कुठला आहे हे फॉरेस्टवाले विचारत बसत नाहीत.

रिव्ह्यू काढा म्हणणार नाही, राहू दे. 5000 किलोमीटर झाले की रोटेशन आणि अलाइनमेंट बिलातच धरलंय, तेव्हा खालची प्लेट सोडून आत माती किती अडकली ते पण बघू आणि चारही बूट तुमच्या डोळ्यासमोर तपासू. आदल्या दिवशी फोन करून या, शाळा सुटायच्या वेळेला नको, गाडी दोन तास तरी वर राहणार.