आठवड्यांतून दोन वजा करू नका

काल भाचीकडे गेले होते, इथेच इंदूरला, लोकमान्य नगरात. तिच्या फाईलमधल्या कार्डावर डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख 10 जून आणि पुढे ‘19 आठवडे’ लिहिलंय. त्या 19 वर पेन्सिलीने काट, शेजारी 17. ‘‘मावशी, ग्रुपवर आलंय. सिझर लवकर उरकता यावं म्हणून डॉक्टर दोन आठवडे वाढवतात. पोर नऊ महिने नऊ दिवसांचं, आणि यांचे 40 आठवडे म्हणजे दहा महिने!’’ या हिशेबाने तिने बाळातलं व्यंग बघायची सोनोग्राफी पंधरा दिवस पुढे ढकललेली. माझं डोकंच फिरलं.

40 आठवडे म्हणजे 280 दिवस. कालनिर्णय काढून मोजा. 10 जूनपासून 280 दिवस भरतात 17 मार्चला. नऊ महिने नऊ दिवस धरले तर येते 19 मार्च, म्हणजे 282 दिवस. आपल्या आज्यांचा हिशेब डॉक्टरांपेक्षा दोन दिवस जास्तच! दहा महिने आले कुठून? महिना 28 दिवसांचा धरला म्हणून.

दोन आठवड्यांचं मात्र अर्धं खरं आहे. गर्भ राहतो पाळी सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी, म्हणून बाळाचं खरं वय कार्डापेक्षा तेवढं कमीच असतं. पण गर्भ नेमका कधी राहिला हे सहसा सांगता येत नाही, पाळीची तारीख सांगता येते, म्हणून आठवडे तिथूनच मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादासुद्धा याच मोजणीच्या आहेत: 37 आठवड्यांआधी जन्मलं तर अपुऱ्या दिवसांचं, 42 भरले की दिवस उलटलेलं. व्यंगाची सोनोग्राफी 18 ते 20 मध्ये, तीही याच मोजणीने. तुम्ही दोन वजा केलेत की 41 भरलेली बाई ‘अजून 39च’ म्हणून घरी बसणार. दिवस उलटले की बाळाच्या जिवाला धोका वाढतो हो! पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून डॉक्टरच तारीख बदलतात.

फाईलमधले बाकीचे शब्द भराभर सांगते. ‘ईडीडी’ ही अपेक्षित तारीख, शेवटची मुदत नव्हे. नेमक्या त्या दिवशी शंभरात चार-पाचच बाळंत होतात. ‘सेफॅलिक’ म्हणजे डोक्याचा आजार नाही, बाळाचं डोकं खाली आहे, चांगलंच आहे. ‘अँटिरिअर प्लॅसेंटा’ म्हणजे वार पुढच्या बाजूला, मुलगा नव्हे.

गरज नसताना सिझर होतात, हे मी नाकारत नाही. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, कार्डावर पेन्सिल चालवू नका.

भाचीने ते 17 खोडलंय. उद्या सकाळी दहाला सोनोग्राफीला मीच तिला घेऊन जातेय.