दाबा, धरा, सोडा

कालपासून माझी उजवी पोटरी धरली आहे आणि त्याला जबाबदार आहेत दुधाची पिशवी घेतलेले एक काका.

ताम्हिणी उतरताना ब्रेकचं पेडल चहात बुडवलेल्या टोस्टासारखं लागायला लागलं. दुसऱ्या गिअरवर कशीबशी गाडी खाली आणली. गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत काळाकुट्ट काढा. "कधी बदललं होतं ब्रेक ऑइल?" मी आकाशाकडे बघितलं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं म्हणे. आमच्या गाडीला सहा झाली. हे ऑइल हवेतली ओल पीत बसतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायलेलं १५५ लाही उकळू शकतं. उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते. मग पाय दाबला की वाफच दबते, गाडी थांबत नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला गॅरेजातला पोरगा मागच्या डाव्या चाकाशी पाना घेऊन बसला. निपलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला, नळी, नळी बाटलीत. पेडलवर मी. "दाबा, दाबा, धरा!" तो निपल सैल करणार, पेडल खाली जाणार, तो आवळणार आणि मगच "सोडा".

तेवढ्यात काका आले. खिडकीत डोकं घालून म्हणाले, "असं नसतं दाबायचं. टाचेवर जोर द्या." मी टाचेवर जोर दिला. का दिला, देव जाणे. "आमच्या फियाटचं ब्रेक ऑइल मी जन्मात बदललं नाही."

"आणि काही झालं नाही?"

"एकदा रसवंतीत शिरली, तेवढंच."

मग त्यांना रंग चढला. पोरगा "धरा" म्हणाला की हे वरून "सोडा!" मी सोडलं. निपल उघडीच, नळीचं तोंड ऑइलच्या वर होतं, सगळी हवा परत आत. "कोण बोललं?" चाकामागून आवाज आला. काका दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचत होते. असं तीनदा. तिसऱ्यांदा पोरगा मलाच म्हणाला, "काका, ऐकू येतं ना?" मी बेचाळीसचा आहे.

जास्तीचं ऑइल माझ्या बिलात. वर काकांनी वाचायला घेतलेली ओघळती बाटली बॉनेटवर ठेवली होती. ती उचलली तर खाली वर्तुळभर रंग सुटलेला. ब्रेक ऑइल रंग खातं, हे त्या गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पुसायचं कुणाला सुचलं नाही. पेंटवाल्याचा आकडा अजून बायकोला सांगितलेला नाही.

पेडल आता दगडासारखं आहे. निघताना सिग्नलला तेच दाबून उभा होतो, तर खिडकीत पुन्हा तेच डोकं. "मला जरा चौकापर्यंत सोडा."

माझा पाय आपोआप उचलला गेला.